तिसऱ्या हाकेला ओ

यातला एक शब्द जरी खरा मानलास ना पोरी, तर तुझ्याएवढी खुळी या किनाऱ्यावर दुसरी नाही. आधीच सांगून ठेवते, मागनं माझ्या नावानं बोटं मोडू नकोस. खाली स्टेशनापासून इथं माझ्या अंड्यांच्या गाडीपर्यंत कुणालाही विचार, बोंग-ची म्हातारी कशी आहे. सगळे एकच सांगतील, थापाडी. गेल्या साली आमच्या हवालदाराला उकडलेल्या अंड्यांत एक कच्चं अंडं घालून दिलं. गणवेषाच्या खिशात फुटलं. अजून माझ्याकडे बघून हसत नाही मेला.

बस. नवरा तुझा साखळी बसवून येईतो अर्धा तास जाणार. सायकलवाली बाई आधी चहा पिते, मग हात काळे करते. पोरीला इकडे बसव, उन्हात. बोगद्याकडे पाठ नको. तोंडही नको. आडवी बसव. हां, अशी. नाव काय तिचं? नको, नको, सांगू नकोस! आज नको. बाळ म्हण, सोनी म्हण, काहीही म्हण. तुम्ही तैपेईची माणसं सातवा महिना मानत नाही, पण मी मानते. आज शेवटचा दिवस आहे त्याचा. अंधार पडला की महिनाभर मोकळी फिरणारी मेलेली माणसं, भाऊमंडळी म्हणायचं त्यांना, आपापल्या घरी परततात आणि दार लागतं. तोवर उगाच कुणाच्या कानावर नाव कशाला घालायचं?

माझं नाव घाल हवं तर. माझ्या नावाला कोण येतंय! बोंग-ची. पाचवी मुलगी झाली तेव्हा बापानं ठेवलं. अर्थ काय, तर 'जगली तर जगू दे.' तुझ्या वेळी ही नावं गेली. माझ्या वर्गात आम्ही तिघी होतो त्या नावाच्या. वर्ग म्हणजे दुसरी. पुढं कोण शिकवतंय.

अंडं खा. चांगलं उकडलेलं आहे. बघ, घाबरली! खा गं.

तर सात वर्षं झाली. असाच सातवा महिना, रविवार, दुपारचे दोन. माझा मुलगा चीयुआन बायकोपोरांना घेऊन आला होता. सून यीरू, मोठी नात शुआन, सहा वर्षांची, आणि धाकटा लेई, तीन वर्षांचा. बोगद्याची सायकलवाट पोरांना दाखवायची, पलीकडे समुद्रावर डबा खायचा, कासवबेट बघायचं आणि परत. शहरातल्या माणसांची सहल ती. मला म्हणाला, "आई, तूही चल ना. बाबा जन्मभर ज्या रुळांवरनं चालले, तिथं पोरं सायकल चालवणार."

माझा म्हातारा रेल्वेत होता. रूळ तपासायचा. हातोडी, कंदील आणि गळ्यात शिट्टी. तीस वर्षं या बोगद्यात दिवसातनं दोनदा जायचा. मग रेल्वेनं डोंगरात दुसरा बोगदा खणला, हा बंद केला, आणि म्हातारा गेला तो त्याच साली. बोगदा बंद झाला म्हणून गेला की सिगारेटनं गेला, देव जाणे. शिट्टी तेवढी मी ठेवली.

आत गेलीस तर दिसेल तुला, दर पन्नास पावलांवर भिंतीत एक कोनाडा आहे, माणूसभर उंचीचा. गाडी आली की रेल्वेच्या माणसानं त्यात पाठ टेकून उभं राहायचं. म्हाताऱ्याचा एक नेम होता. कोनाड्यात शिरायच्या आधी तो खाकरायचा. परक्याच्या घरात शिरताना खाकरतात तसा. मी म्हणायची, "आत कोण न्हातंय, की खाकरून जायला पाहिजे?" तो म्हणायचा, "असो नसो. आपण खाकरावं. आतल्याला सरकायला वेळ मिळतो."

बरं. त्या दिवशी सायकली घेता घेता पावसाची सर आली. उन्हातली सर, पाच मिनिटांची. सगळे आडोशाला पळाले. शुआन मुद्दाम भिजली. माझ्यावर गेली होती ती, अगदी वाया गेलेली. शिंकायला लागली तशी सायकलवाल्या बाईनं विसरलेल्या कपड्यांच्या खोक्यातनं एक टीशर्ट काढून दिला. पिवळा, पोटावर कासव.

यीरूनं हात मागे घेतला. "आई, परक्याचा कपडा... या महिन्यात?"

"शाळेत मास्तरीण आहेस ना गं तू?" मी म्हटलं. "पोर शिंकतंय आणि तुला पंचांग सुचतंय! घाल."

घातला. हे लक्षात ठेव, घाल म्हणणारी मी होते.

मी म्हटलं, तुम्ही या सावकाश, मी जाते पुढं. माझ्या जुन्या सायकलवर टांग मारली आणि सुटले. सत्तरी गाठली होती, पण उतार होता. चीयुआन मागनं ओरडला, "आई, काही करू नकोस हं!" ओळखून आहे मला. मी म्हटलं, "मी काय करणार, म्हातारी बाई!"

बोगद्यात शिरलं ना, की आधी थंडी लागते. बाहेर अंगाला घाम आणि आत मानेवर कुणी ओला हात ठेवल्यासारखं. मग वास. ओल्या दगडाचा, आणि त्याच्या मागे कोळशाचा. कोळशाची गाडी बंद होऊन पन्नास वर्षं झाली, पण वास आहे. पिवळे दिवे ओळीनं लावलेत, तरी दोन दिव्यांच्या मधे जरा जागा काळी राहतेच. मी मधोमध गेले, जिथनं दोन्ही तोंडं दिसत नाहीत. सायकल भिंतीला लावली, शिट्टी ओठांत धरली आणि कोनाड्यात शिरले.

खाकरले नाही. खाकरले असते तर पोरीला ऐकू गेलं असतं ना, आमा, म्हणजे आजी, कुठं लपलीय ते.

पाठीला भिंत लागायला हवी होती. लागली, पण जरा उशिरा लागली. म्हटलं, ओल आली असेल, शेवाळ असेल. आता विचारतेस तर सांगते, शेवाळ गरम नसतं.

शुआनच्या सायकलला बाजूची दोन छोटी चाकं होती. खड्-खड्-खड् करत यायची. तो आवाज लांबनं आला. ती सगळ्यांच्या पुढं. एकटीच गाणं म्हणत होती, शाळेतलं काहीतरी. समोर आली, तशी मी छाती भरून शिट्टी फुंकली. रेल्वेची शिट्टी, बोगद्यात! आख्खा डोंगर किंचाळला म्हण.

खडखड थांबली.

मी हसत बाहेर आले. मला वाटलं, किंचाळेल, मग माझ्या पोटात डोकं खुपसून हसेल, नेहमीसारखी. पोर सायकलवर तशीच बसलेली. माझ्याकडे बघतच नव्हती. समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"आमा," ती हळूच म्हणाली, "तुझ्याबरोबर ती पण लपली होती?"

"कोण गं?"

"तुझ्या मागनं निघून तिकडे गेली ती..."

समोरच्या कोनाड्यात काही नव्हतं. तोवर चीयुआन आला, लेईला पुढच्या खुर्चीत घेऊन, मागनं यीरू. "आई, शिट्टी तू वाजवलीस?" मी म्हटलं, "कसली शिट्टी? वारा असेल." खोटं बोलायला मला वेळ लागत नाही.

त्यानंतर पोर बोलली नाही. समुद्रावर डबा उघडला, तिच्या आवडीचं मटण होतं, शिवलं नाही. त्या रात्री माझ्याकडेच राहिले. पोर उघड्या डोळ्यांनी झोपली. दुसऱ्या दिवशी अंग गार, नाकाच्या मुळाशी हिरवी शीर. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाला, काही नाही, दमलीय. चमच्यानं पाणी पाजलं तर ओठांतनं परत खाली यायचं.

यीरू माझ्यासमोर येऊन बसली. तांदूळ निवडत होते मी. "आई, खरं सांगा. बोगद्यात काय केलंत?"

"मी? काय करणार?"

"तुमच्या खिशात बाबांची शिट्टी आहे. परवापासून आहे."

मान खाली घातली. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही घाबरवून घालवलंत. आता तुम्हीच परत आणा."

आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे हे. पोर दचकलं की त्याचा जीव जिथल्या तिथं राहतो, आणि रिकामं अंग घरी येतं. तो बोलवून आणायचा असतो. वाटीभर कच्चे तांदूळ, त्यावर पोराचा कपडा. दचकलं तेव्हा अंगावर जो होता तोच, आणि न धुतलेला. घामाच्या वासावर जीव येतो, जसं मांजर येतं. एकीनं पूर्ण नाव घेऊन तीनदा हाक मारायची, दुसरीनं तीनदा 'ओ, आले' म्हणायचं. मग मागं वळून न बघता घरी यायचं. माझ्या सासूनं शिकवलं होतं. या गल्लीतली वीस-पंचवीस पोरं मी आणलीत अशी, त्यातली निम्मी नुसती खोकल्यानं आजारी होती. पण हात बसला होता.

यीरूनं दोन टीशर्ट आणले. एक शुआनचा स्वतःचा, सरीत भिजला होता तो. तो तिनं पावडर घालून धुतला होता. दुसरा कासवाचा, न धुतलेला.

"हाच होता अंगावर," मी म्हटलं. "हाच चालेल."

"पण हा तिचा नाही, आई."

"घाम तिचाच आहे ना?"

नेम असा आहे आणि मी तो चोख पाळला. नेमात कुठंच म्हटलेलं नाही, की कपड्यात आधी कुणाचा घाम मुरला असेल तर काय करायचं.

दुपारी आम्ही दोघी गेलो. चालत. मंगळवार होता की बुधवार, सायकली नव्हत्या. मधल्या कोनाड्याशी उदबत्ती लावली. धूर वर जायचा तो सरळ आत गेला, कोनाड्यात, जसा कुणी ओढून घ्यावा. मी हाक मारली.

"त्साय शुआन! घरी चल!"

"ओ, आले," यीरू मागनं म्हणाली. आवाज कापत होता तिचा.

"त्साय शुआन! घरी चल!"

"ओ... आले."

"त्साय शुआन! घरी चल!"

"ओ, आले!"

तिसरी ओ कशी खणखणीत आली. मला बरं वाटलं. म्हटलं, सुनेला धीर आला. वाटी छातीशी धरली आणि दोघी निघालो. वाटभर मागं बघितलं नाही. वाटी जड लागत होती, पण माझं वय बघ की.

घरी येऊन टीशर्ट पोरीच्या अंगावर पांघरला, तांदूळ उघडले. मूठभर कमी होते. वाटी मी काठोकाठ भरली होती. तेवढ्यात पोर उठून बसली. गालावर रंग. म्हणाली, "भूक लागलीय."

यीरूनं तिला घट्ट धरलं आणि रडायला लागली. चीयुआन नाचला. मीही हसले. हसता हसता थांबले. कारण पोर 'भूक लागलीय' म्हणाली ती माझ्या बोलीत. आपल्या जुन्या बोलीत गं. शुआनला त्यातलं 'आमा' सोडून काही येत नव्हतं. ती माझ्याशी शाळेतल्या भाषेत बोलायची आणि मी नीट बोलले नाही की मलाच हसायची.

यीरूला सांगितलं तर म्हणाली, "हल्ली शाळेत शिकवतात ती बोली. आठवड्याला एक तास."

आठवड्याला एक तास! पोर जेवायला बसली ती बटाट्याच्या सालीही खाऊन गेली. ताटातला शेवटचा दाणा बोटानं टिपला. आणि यीरूला म्हणाली, "पोटभर जेवले हो, बाई." आपल्या आईला बाई कोण म्हणतं?

पोर झोपल्यावर यीरू भांडी घासायला माझ्या शेजारी आली. नळ सोडून हळूच म्हणाली, "आई, तिसऱ्या हाकेला तुम्ही स्वतःच ओ दिलीत का?"

"मी कशाला देऊ? तू दिलीस."

"माझा घसा बसला होता. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात... मला वाटलं, तुम्हीच चेष्टा करताय."

नळ वाहत राहिला.

मी माझ्या परीनं परीक्षा घेतल्या. मला चेष्टेत कोण हरवणार? शुआन झुरळाला घाबरायची. रबराचं झुरळ उशीत ठेवलं. सकाळी ते माझ्या चपलेत नीट मांडून ठेवलेलं. शुआन डावरी होती. ही उजव्या हातानं जेवायची. मी म्हटलं, "डावा हात काय झाला गं?" तर माझ्याकडे टक लावून बघितलं आणि जेवायच्या काड्या डाव्या हातात घेतल्या. जमलं नाही. भात मांडीवर सांडला. तेव्हा पहिल्यांदा घाबरलेली दिसली ती. मारेल कुणी, अशी.

एकदा मी कपाटात लपले. ती खोलीत आली, पुस्तक घेतलं, आणि दाराकडे न बघता म्हणाली, "आमा, खाकरत जा."

चीयुआनला सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला. "आई, तीस वर्षं ऐकतोय तुझ्या थापा. लहानपणी सांगितलंस, मी बोगद्यात सापडलो म्हणून. महिनाभर रडलो मी. आता माझ्या पोरीबद्दल हे? पोर सुधारलीय, शहाणी झालीय, तर तुला बघवत नाही!" जन्मभर पेरलं तेच उगवलं.

आणि यीरू... यीरूला ठाऊक होतं. आईला कळत नाही होय? पण ती पोर रात्री तिच्या कुशीत शिरायची. सकाळी यीरूची वेणी घालायला तेलाची वाटी नि फणी घेऊन बसायची. लेईला अंगाखांद्यावर खेळवायची. यीरू एक दिवस मला म्हणाली, "आई, यापुढे हा विषय नको." मी म्हटलं, "आणि जी आत आहे ती?" ती उठून गेली.

मी एकटी गेले मग. भर दुपारी, सायकलींच्या गर्दीत, माणसं घंट्या वाजवत जात होती. मधल्या कोनाड्याशी उभी राहिले. नाव घेतलं नाही. नुसती खाकरले.

आतनं शाळेतल्या भाषेत आलं, अगदी हळू... "आमा? संपला का खेळ? आता मी येऊ बाहेर?"

थांब, जरा पाणी पिते.

तिला वाटत होतं, अजून लपाछपीच चाललीय. सांग आता. काय करू मी? तिला आणायला तिच्या घामाचा, न धुतलेला कपडा पाहिजे. घरातला एकूण एक कपडा धुतलेला, आणि त्यानंतर दुसरीनं घातलेला. दुसरीचा कपडा आणून तिसरीच कुणी आली तर? मी म्हटलं, "नको सोनी, थोडी थांब. आमा शोधतेय." आणि त्याच महिन्यात ही गाडी घेऊन इथं बसले. लोकांना वाटतं, म्हातारी धंद्याला बसते. रोज दुपारी आत जाऊन खाकरून येते मी. ती विचारते, "आता?" मी म्हणते, "थोडी थांब."

सात वर्षं.

घरातली तेरा वर्षांची झाली. चौथीत पहिली आली, पोहण्यात पदक आणलं. तैपेईला असते, सुट्टीत माझ्याकडे येते. तिच्यावर राग धरायला गेले, जमला नाही. गेल्या हिवाळ्यात माझे गुडघे धरले तर आठ दिवस तेल लावायला ती आली, मी तिची आजी नसताना. एकदा लावता लावता विचारलं मी, "तू कोण गं?"

तिनं मान वर केली नाही. "ठाऊक नाही, आमा. मला कुणी हाकच मारली नव्हती कधी. तू मारलीस."

"ती हाक तुझी नव्हती."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण दुसरी येईल याची किती वाट बघणार?"

बोल, काय बोलशील यावर? माझ्या बापाला पाचवी नको होती, तरी मी राहिलेच की नाही?

आता या महिन्यातलं ऐक. पहिल्याच दिवशी ती आली. मला न सांगता बाजारातनं एक टीशर्ट आणला होता. पांढरा, कोरा, सहा वर्षांच्या पोरीच्या मापाचा. सायकलवर आत गेली, बाहेर आली तेव्हा हात रिकामे. मी विचारलं, कुठं ठेवलास? म्हणाली, "कोनाड्यात. महिनाभर घालू दे तिला. मग घामाचा होईल. तुला बोलवता येईल."

"आणि तू? ती आली तर तू कुठं राहशील?"

हसली नुसती. लेईला घेऊन पतंग उडवायला गेली.

महिनाभर माझ्या डोळ्याला डोळा नाही. काय बोलवू, कुणाला घालवू? एक माझ्या रक्ताची, माझ्याच चेष्टेनं आत राहिलेली. दुसरी माझ्याच हाकेनं घरात आलेली. यीरूला फोन केला. ती म्हणाली, "आई, काय करायचं ते मला सांगू नका. करून झाल्यावरही सांगू नका." आणि ठेवला.

आज सकाळी पोर आत गेली आणि तो टीशर्ट घेऊन आली. माझ्या मांडीवर ठेवला. "आमा, आज दार लागायच्या आत," एवढंच म्हणाली, आणि तिकडे बंधाऱ्यावर जाऊन बसली. ती बघ, पांढरी टोपी. सकाळपासून बसलीय. समुद्राकडे तोंड करून. मागं बघत नाही.

मी ठरवलं होतं, खरं सांगते. मी ठरवलं होतं, आज बोलवायचं. पाप माझं, निस्तरायचं मी. तांदूळ आणलेत, हे बघ, गाडीच्या खाली वाटी आहे. सात वर्षं ती 'आता?' विचारतेय. आजही गेले सकाळी, खाकरले, तर विचारलं तिनं. त्याच लहान आवाजात. सहा वर्षांची पोर, अगदी तशीच.

तो टीशर्ट तुला दाखवते. हात लावू नकोस, नुसता बघ. वास येतोय? घामाचा आहे, ओला आहे, म्हणजे घातलाय. महिनाभर घातलाय कुणीतरी. कोरा घेतलेला, सहा वर्षांच्या मापाचा. आता बगलेत बघ. दोन्हीकडनं उसवलाय. गळा बघ, माझं डोकं जाईल एवढा ताणलाय. आणि पाठ... पाठीवर शिवण उभी फाटलीय, वरपासनं खालपर्यंत. आतनं.

आवाज सहा वर्षांचाच आहे गं. आवाज अजून तसाच आहे.

तुझा नवरा आला बघ साखळी बसवून. पोरीला घे, वाट उतारानं जाते ती धर, समुद्राच्या कडेची. आत जायचं नाही. अंड्याचे पैसे नकोत. आणि हे सगळं थाप आहे, सांगितलंय मी आधीच. उठ. अंधार पडायला तासभर आहे, मला अजून ठरवायचंय, हाक मारायची की नुसतं खाकरून परत यायचं ते.

जा आता.